माइंड

आपण हा शब्द आणला तेव्हा
त्याचा रुसवाच तेवढा उचलून आणला.
'माइंड करू नका हं'
पहिल्या पंगतीत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना,
उसने पैसे परत मागताना,
पायावर पाय पडला तर.
बाकीचा शब्द तिकडेच राहिला.

मला तो भेटला फाइफच्या किनाऱ्यावर,
नेट्टा ऑख्टरलोनीच्या स्वयंपाकघरात.
तिच्या माडीवरच्या खोलीत मी अकरा महिने भाड्याने राहिले.

नेट्टाने चाळीस वर्षं मुलं माइंड केली.
म्हणजे आया जाळ्यांच्या कारखान्यात गेल्या
की त्यांची शेंबडी, दात येणारी, बूट उलटे घातलेली पोरं
संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत तिची.
गल्लीतल्या निम्म्या टकल्या पुरुषांच्या ढुंगणाला
तिने कधीतरी पावडर लावलेली आहे,
आणि ती हे चारचौघांत सांगते.

पहिल्याच दिवशी म्हणाली, तिसरी पायरी माइंड कर.
पायरीचं काय मनावर घ्यायचं, असा विचार करत
मी पडले.
पुढच्या आठवड्यात कुंपणावरून कुणाला तरी विचारत होती,
त्रेसष्टचा हिवाळा माइंड करतोस का?
मला वाटलं मलाच विचारतेय, राग आहे का म्हणून.
मी सभ्यपणे म्हटलं, नाही, मुळीच नाही.
पलीकडचा म्हातारा हसता हसता खोकायला लागला.

त्या गावात आठवायला आणि सांभाळायला
एकच क्रियापद.
घरात एकच पातेलं असावं,
त्यातच दूध, त्यातच वरण,
आणि कशाचाच वास कशाला लागू नये, तसं.

मार्चमध्ये, मंगळवारी, दार वाजलं.
पन्नाशीचा रुंद माणूस, टोपी हातात,
बोटांच्या पेरांत कधीच न जाणारं ग्रीस.
ड्रू गोर्ली. सोळाव्या वर्षी गेलेला,
आधी समुद्रातल्या तेलविहिरींवर, मग कॅनडात.
आत आला नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाला,
"डू यू माइंड मी, नेट्टा?"

मी बटाटे सोलत होते. सुरी थांबली.
ओळखतेस का मला.
आलो तर चालेल ना.
आणि या दोन्हींच्या तळाशी, गाळासारखं,
अजून आहे का गं मी कुणाच्या सांभाळण्यात.

त्याने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.
"गॅसच्या मीटरची नाणी होती ती. सतरा पौंड.
चहाच्या डब्यातली."
मी अकरा महिने त्याच डब्यातला चहा पीत होते,
डब्याने मला काही सांगितलं नव्हतं.

नेट्टाने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही.
"माइंडेड यू," ती म्हणाली. "माइंड यू. डोन्ट माइंड."
आणि किटलीत पाणी भरायला वळली,
पाठ आमच्याकडे करून, जरा जास्तच वेळ.

रात्री फोनवर बहिणीला सांगताना
मला तीन वाक्यं लागली.
तुला सांभाळलं. तू आठवणीत आहेस. राग नाही.
बहीण म्हणाली, छापील वाटतं गं.
आपल्याकडची कुणी असती
तर म्हणाली असती, जेवून जा.

एक सांगायचं राहिलं.
तो निघाला तेव्हा नेट्टा सवयीने म्हणाली,
डोकं माइंड कर,
आणि मध्येच थबकली.
हे त्याला कधी सांगावंच लागलं नव्हतं.
या चौकटीखालून तो धावत सुटायचा,
हात वर केला तरी लाकडाला पोचत नसे.

ड्रू वाकला.
पण पुरेसा नाही.